म्हैस परत येते का?

आत्याकडच्या म्हशीला आत्याचाच हात लागायचा. दुसरं कोणी धारेला बसलं की ती दूध चोरायची. एका पावसाळ्यात आत्या तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा मामांनी तिचं लुगडं अंगाभोवती लपेटलं, डोक्यावर पदर ओढला, आणि मग कुठे म्हशीनं पान्हा सोडला. आम्ही पोरं तेव्हा पोट धरून हसलो होतो. कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ वाचताना ते सगळं इतक्या वर्षांनी जसंच्या तसं समोर आलं, पण या वेळी हसू आलं नाही.

‘रिंगाण’मधलं गाव उठतं. माणसं नव्या जागी येतात, म्हशी मागे राहतात. त्या आणायला देवाप्पा जुन्या जागी परत जातो, पण तोवर म्हैस रानाची झालेली असते. जिच्या पाठीवरून हात फिरवला, तीच आता अंगावर येते. विस्थापनावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. मोबदला, मोर्चे, फायली हे सगळं येऊन गेलंय. पण दाव्याची सवय सुटलेलं जनावर आपल्याच धन्याला ओळखत नाही, एवढ्या एका गोष्टीवर नजर रोवून खोत जे दाखवतात ते मला दुसरीकडे सापडलं नाही. पहिली वीसेक पानं त्यांच्या भाषेनं मला अडवलं. मग मी मोठ्यानं वाचायला लागलो आणि वाट सापडली. मधे कुठे कुठे तीच भीती फिरून फिरून येते, तिथे मी थोडा थकलो, हेही सांगितलं पाहिजे. तरी पुस्तक खाली ठेवलं नाही. या कादंबरीला 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा घरातलंच कोणीतरी पास झाल्यासारखा आनंद झाला.

हे पुस्तक आटोपशीर आहे. माझ्या मते त्याचं बळ त्यातच आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं जे मराठी कथात्म लेखन माझ्या मनात घर करून राहिलं, ते बहुतेक दीर्घकथेच्या मापाचं आहे: शंभर पानांच्या आतलं, नाहीतर त्याच्या जरा पुढचं. 2012 साली जयंत पवार, 2016 साली आसाराम लोमटे, 2021 साली किरण गुरव. दहा वर्षांत तीन कथाकारांना कथासंग्रहांसाठी अकादमीचा मान मिळाला. तरीही कथाकार भेटला की आपण विचारतो, ‘कादंबरी कधी?’ जणू कथा म्हणजे उमेदवारीचा काळ. हा प्रश्न मला लागतो.

दीर्घकथा आपल्याकडे रुजली ती दिवाळी अंकांमुळे. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वर्षातून एकदा तरी लेखकाला पानं मोजून न देणारा संपादक भेटण्याची सोय झाली. तीस-चाळीस पानं मिळाली की माणूस, त्याची गल्ली, त्याच्या घरातली बोलाचाली हे सगळं मावतं, आणि भाष्य घुसडायला जागा उरत नाही. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मध्ये हे फार जवळून दिसतं. 1982च्या संपानंतरचं गिरणगाव ‘अधांतर’ नाटकात त्यांनी मांडलं होतंच. कथेत मात्र ते गिरणीच्या भोंग्यापाशी थांबत नाहीत. खरं आणि ऐकीव एकमेकांत असं मिसळतं की चाळीतली वदंता गॅलरीतून गॅलरीत फिरावी तशी गोष्ट पुढे सरकते. वास्तव सांगता सांगता पवार ते जरासं तिरकं करतात, आणि तेवढ्यानंच त्याची धग जाणवते. 2021 साली ते गेले. त्यानंतरच्या दिवाळीत अंकांच्या अनुक्रमणिकेवर त्यांचं नाव शोधण्याची सवय माझ्या बोटांना होती, ती जायला वेळ लागला.

किरण गुरवांचा बाळू खेड्यातून शहरात शिकायला येतो. असे बाळू आपण शेकडो वाचलेत. पण ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’त लेखक त्याची कीव करत नाही, त्याला झेंडाही बनवत नाही. त्याचं बुजणं तेवढं नीट बघतो. लोमट्यांच्या ‘आलोक’मधलं मराठवाड्यातलं गाव याहून कोरडं, कठोर. तिथे सत्ता कोणाच्या ओसरीवर बसते हे एखाद्या साध्या वाक्यात कळून जातं.

मोठ्या कादंबऱ्यांशी माझं वैर नाही. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मी दोनदा वाचली. शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ, शेतीला कंटाळलेली अलका आणि पेरणी-मळणीचं चक्र. त्या चक्रानंच कादंबरीला कणा दिला आहे, त्यामुळे पानं जड होत नाहीत. भालचंद्र नेमाड्यांच्या 2010च्या ‘हिंदू’ या कादंबरीबाबत माझं मन दुभंगलेलं आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननातून मरणासन्न वडिलांकडे निघालेला खंडेराव मला आजही हलवतो. त्याच्या घरातल्या बायकांची दुःखं नेमाडे सांगतात तिथे मी त्यांच्यामागे कुठेही जायला तयार असतो. पण सिद्धान्त बोलू लागले की माणसं भिंतीला टेकून उभी राहतात, त्यांचं बोलणं ऐकू येईनासं होतं. नेमाड्यांची ताकद मोठी, म्हणून ते तरून गेले. त्यांच्या वाटेनं निघालेल्या किती तरी कादंबऱ्यांत मात्र जात, जागतिकीकरण, शिक्षणसंस्था, निवडणूक असं सगळं एकाच पोत्यात कोंबलेलं आढळतं. शंभर पानं कमी करा, असं लेखकाला प्रेमानं आणि ठामपणे सांगणारा संपादक बहुतेक प्रकाशनांकडे उरलेला नाही. त्याची भरपाई वाचकाला करावी लागते, पेन्सिल हातात घेऊन. माझ्या कपाटातल्या अनेक प्रतींच्या समासात अशा उभ्या रेघा आहेत.

‘रिंगाण’च्या प्रतीत एकही नाही. ती प्रत मी गेल्या महिन्यात आतेभावाला दिली. तो आता पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, गोठा मोडून वीस वर्षं झाली. परवा रात्री अकराला त्याचा फोन आला. कसा आहेस वगैरे काही नाही. म्हणाला, “अरे, निम्म्यावर आलोय. एवढंच सांग, म्हैस येते का परत?”

मी म्हटलं, “वाच.” तो बराच वेळ फोन धरून गप्प राहिला. मग म्हणाला, “आईची म्हैस आपण कोणाला विकली होती रे?”