‘पीत’ म्हणजे नेमकं काय?

‘पीत पत्रकारिता’ हा शब्द भाषांतर होऊन मराठीत आला, पण ज्या सदऱ्यावरून तो पडला तो सदरा न्यूयॉर्कलाच राहिला. सदरा एका टकल्या पोराचा. रिचर्ड आउटकॉल्ट यांच्या चित्रमालिकेतलं हे गल्लीतलं पोर पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’मध्ये गाजलं. १८९६ साली हर्स्ट यांनी आउटकॉल्टना आपल्या ‘जर्नल’मध्ये ओढलं, तर पुलित्झरनी दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढून घेणं चालू ठेवलं. एका शहरात दोन पिवळी पोरं! ‘न्यूयॉर्क प्रेस’चे संपादक अर्विन वॉर्डमन यांनी १८९७च्या सुरुवातीला या पत्रकारितेलाच ‘पिवळी’ म्हटलं. म्हणजे शब्द जन्मला तो धंद्यातली शिवी म्हणून. व्याख्या वॉर्डमननी केलीच नाही.

आपल्याकडे पिवळं म्हणजे हळद, भंडारा, फार तर कावीळ. शिवाय ‘पिवळी पुस्तकं’ होतीच (माझ्या पिढीला फोड करून सांगायला नको). त्यामुळे मराठी कानाला ‘पीत’ म्हटलं की लफडी, चावट मजकूर, पैसे उकळण्यासाठी छापलेली बदनामी आठवते. बातमी फुगवण्याचा मूळ मुद्दा मागे पडतो.

त्यासाठी आपले शब्द अधिक नेमके आहेत. तिखटमीठ लावायला आधी पदार्थ लागतो. वावडीला नुसता वारा पुरतो. अडचणीची बातमी आली की पुढारी ‘ही पीत पत्रकारिता’ म्हणून मोकळे होतात. त्यांना विचारावं, तिखटमीठ लावलं की वावडी उडवली? पहिलं म्हणाले, तर पदार्थ होता हे कबूल करावं लागतं.

हर्स्टनाही हेच विचारू. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेहून अधिक माणसं गेली. हा पदार्थ. चौकशीचा निकाल येण्याआधीच ‘जर्नल’ने ते शत्रूचं कृत्य ठरवलं, ते मात्र माझ्या मते तिखटमिठाच्या पुढचं.

आणि ती प्रसिद्ध तार? क्यूबात गेलेल्या रेमिंग्टन या चित्रकाराला हर्स्टनी युद्ध पुरवण्याचं वचन दिलं, ही गोष्ट जेम्स क्रीलमन यांच्या १९०१च्या पुस्तकातून पसरली. क्रीलमन स्वतः हर्स्ट यांचेच बातमीदार. तार कुणाला सापडलेली नाही, हर्स्टनी इन्कार केला होता. मी ती दोन लेखांत खरी म्हणून छापली. त्यातल्या एकाचं शीर्षकच होतं ‘पीत पत्रकारितेचा उगम’.