व्याख्यान पोचतं, उत्तर येत नाही

आजचा विषय आहे ऑनलाइन अभ्यासक्रमातून कलाशाखेचे विषय शिकणं. आमच्या वयाचा माणूस या विषयावर बोलायला बसला की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हे पडद्याला नावं ठेवणार, खडू-फळ्याच्या आठवणी काढणार. तसं काही करायचं नाही. आमची तक्रार पडद्याबद्दल नाही, वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. तिथे पोचायला जरा वेळ लागेल, तेवढा द्या.

आधी जमेची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. महाराष्ट्रात ही कल्पना इंटरनेटच्या आधीची. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला आणि त्या दारातून किती माणसं आत आली! सोलापुरात विड्या वळता वळता, यंत्रमागावर पाळी करता करता बी. ए. झालेली माणसं आम्हाला माहीत आहेत. पुस्तकं पोस्टानं किंवा केंद्रावरून मिळायची, आणि रविवारी संपर्कसत्र. ते रविवारचे दोन तास लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

मग 2017 मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ आलं. त्याची रचना चार भागांची: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेचं दालन आणि स्वतःची चाचणी. कागदावर यात उणं काढायला जागा नाही. चर्चा आहे, वाचन आहे. आणि देशातली फार चांगली शिक्षक मंडळी त्यावर शिकवतात, हेही आम्ही स्वतः बघून सांगतो. मोहोळच्या किंवा सांगोल्याच्या मुलाला आयआयटीतल्या प्राध्यापकांचं नीतिशास्त्रावरचं व्याख्यान घरी बसून ऐकता येतं, ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या विद्यार्थीदशेत त्या प्राध्यापकांचं नावही कानावर आलं नसतं.

पण गुण कशाला मिळतात ते बघा. ‘स्वयम्’वरच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांचा साचा असा: दर आठवड्याचा स्वाध्याय, त्यातल्या चांगल्या गुणांची सरासरी धरून 25 टक्के, आणि शेवटच्या परीक्षेला 75 टक्के. दोन्हीकडे बहुतेक प्रश्न पर्यायी, यंत्रानं तपासायचे. संगणकशास्त्राला हे बरंच चालतं. प्रोग्रॅम चालला की नाही हे यंत्र सांगू शकतं. पण तत्त्वज्ञानाला? ‘देकार्त हा कोणत्या परंपरेतला? अ) बुद्धिवादी ब) अनुभववादी क) संशयवादी ड) यांपैकी नाही.’ मुलगा ‘अ’वर टिचकी मारतो, गुण पडतो. त्याला देकार्त कळला की नाही हे ना त्याला कळलं, ना यंत्राला. शिवाय ज्यानं नीट विचार केला, तो ‘क’पाशी थोडा तरी अडखळेल. सगळ्याचा संशय घ्यायला लावणारा माणूस संशयवादी का नाही, हा चांगला प्रश्न आहे की नाही? इथे तो अडखळण्याचा गुण जातो.

आता एक उदाहरण. निवृत्तीनंतर आम्ही काही विद्यार्थ्यांना अशा अभ्यासक्रमांत मदत करत आलो. कोणता अभ्यासक्रम ते सांगत नाही, गरजही नाही. शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, व्हिडिओ इंग्रजी. देकार्तचा आठवडा आला. तिनं चर्चेच्या दालनात प्रश्न टाकला: मी सगळ्याचा संशय घेते असं म्हणताना मी तो कोणत्या भाषेत घेते? आणि त्या भाषेचा संशय घेतला तर पुढे बोलायचं कशात?

श्रोतेहो, आम्ही तीसेक वर्षं हा विषय शिकवला. असा प्रश्न वर्गात दोन-तीनदा आला असेल. तो आला की त्या दिवशीचं टिपण बाजूला ठेवायचं असतं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: ‘कृपया आठवडा 3चं वाचन साहित्य पाहावे.’ बस्स. पुढच्या आठवड्याचा स्वाध्याय तिनं सोडवला, पूर्ण गुण मिळाले. दालनात मात्र ती पुन्हा काही लिहायला गेली नाही.

त्या प्रश्नात काय काय होतं ते सांगू द्या, नाहीतर आम्ही उगाच हळहळतोय असं वाटेल. पहिली गोष्ट, देकार्तला स्वतःला भाषेचा प्रश्न पडला होता. 1637 साली त्यानं विचारपद्धतीवरचा आपला ग्रंथ लॅटिनमध्ये न लिहिता फ्रेंचमध्ये लिहिला, म्हणजे पाठशाळेबाहेरच्या माणसालाही तो वाचता यावा. 1641 चं ‘मेडिटेशन्स’ मात्र लॅटिनमध्ये, विद्वानांसाठी. म्हणजे तोही दोन भाषांतला माणूस. दुसरी गोष्ट, आपल्याकडे भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’त फार पूर्वी भूमिका घेतलीय की शब्दाचा धागा नसलेलं ज्ञान जगात नाहीच. तो खरा असेल, तर ‘मी विचार करतो’ म्हणणारा देकार्त एकटा कसा? त्याच्या आधी भाषा आहे, आणि भाषा म्हटली की दुसरी माणसं आली. यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करणारी मुलगी एका ओळीत तिथे जाऊन उभी राहिली होती. तिला फक्त एवढं सांगायला हवं होतं, की तू उभी आहेस ती जागा ओळखीची आहे, इथून दोन वाटा फुटतात, कुठली घेतेस?

आता आमची मुख्य तक्रार. ‘मेडिटेशन्स’ हे पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा त्यात नुसतं देकार्तचं चिंतन नव्हतं. छपाईआधी हस्तलिखित विद्वानांकडे फिरवलं गेलं. हॉब्जनं आक्षेप घेतले, आर्नोनं घेतले, गासेंदीनं घेतले. आक्षेपांचे सहा संच आणि देकार्तची त्यांना उत्तरं, असं सगळं एका पुस्तकात छापलं. आक्षेप-उत्तरांची पानं मूळ चिंतनापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे विचारलेलं आणि त्याला दिलेलं उत्तर, दोन्ही मिळून तो ग्रंथ आहे. देकार्त शिकवणारा अभ्यासक्रम जर विद्यार्थ्याच्या आक्षेपाला उत्तर देत नसेल, तर तो अर्धा ग्रंथ शिकवतोय.

आपल्याकडेही हेच. न्यायशास्त्रात पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्ताला किंमत नाही. ज्ञानेश्वरीचं घ्या. ती बोललेली आहे आणि दुसऱ्यानं उतरवून घेतलेली आहे अशी परंपरा सांगते. एका अर्थी आपल्या या मालिकेसारखीच! पण त्यात श्रोते किती जिवंत आहेत. ज्ञानदेव त्यांचं अवधान मागतात, विषय लांबला की त्यांची माफी मागतात, आणि श्रोतेही मध्येच बोलतात. लिहिलेला शब्द प्रश्न विचारल्यावर गप्प बसतो ही तक्रार प्लेटोनं ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी घातली आहे. रेकॉर्ड केलेला शब्दही गप्पच बसतो. तुम्ही आत्ता आम्हाला थांबवू शकत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

मग हे असं का होतं? तंत्र कमी पडतं म्हणून नाही. हिशोब मांडून बघा. एका विद्यार्थ्याचं एक पान वाचून समासात दोन ओळी लिहायला आठ मिनिटं धरा. चाळीस विद्यार्थी असले तर आठवड्याला पाच तास वीस मिनिटं. करता येण्यासारखं काम. चार हजार विद्यार्थी असले तर पाचशेहून जास्त तास, म्हणजे दहा-बारा पगारी शिक्षक. व्हिडिओ एकदा काढला की चार हजारांना दाखवा नाहीतर चार लाखांना, खर्च फारसा वाढत नाही. उत्तराचा खर्च मात्र डोक्यागणिक वाढतो. म्हणून व्हिडिओ ठेवला, उत्तर गाळलं. मुक्त विद्यापीठाचे ते रविवारचे दोन तास आठवा. तिथे निदान एक माणूस समोर बसलेला असायचा.

आणि हा प्रश्न आता बाजूचा राहिलेला नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले 20 टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’वरून घेता यायचे. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ती मर्यादा 40 टक्के केली. ज्या गावात विषय शिकवायला कोणी नाही तिथे ही सोय आहे, मान्य. पण आपल्याकडच्या कला महाविद्यालयांत किती जागा रिकाम्या आहेत आणि किती तासिका तत्त्वावर चालल्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तत्त्वज्ञानाचा शिक्षक निवृत्त झाला की जागा भरायची कशाला, विषय ऑनलाइन आहेच की, असा विचार कुणाच्या मनात येणारच नाही असं धरून चालणं भोळेपणाचं होईल. आता त्यात लिहून देणाऱ्या यंत्रांची भर पडली. निबंध मागितला तर यंत्राकडून येतो, म्हणून निबंधच नको, पर्याय बरे, असं ऐकू येतं. म्हणजे चोराच्या भीतीनं घर बांधायचंच नाही.

आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो. अकरा जण आहेत. व्हिडिओ ते आपापले बघतात, त्या प्राध्यापकांपेक्षा बरं शिकवण्याचा आमचा दावा नाही. आठवड्यातून एक पान हातानं लिहायचं. भाषा मराठी, कुणाला तेलुगू किंवा कन्नड शब्द अडला तर तसाच ठेवायचा, त्याचा अर्थ सगळे मिळून लावतो. पारिभाषिक शब्दासाठी वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश जवळ असतो, विश्वकोश तर फोनवरच उघडतो. पानाचा फोटो यायचा, त्यावर आम्ही लिहायचं, आणि आमच्या लिहिण्यावर त्यांनी पुन्हा लिहायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत बहुतेकांचं मूळ वाक्य बदललेलं असतं, क्वचित आमचंही. फोन तोच, इंटरनेट तेच.

ती मुलगी या अकरांत आहे. सध्या ती हॉब्जच्या बाजूनं लिहितेय आणि देकार्तला सोडायला तयार नाही.

पुढच्या व्याख्यानात हेच आक्षेप घेणार आहोत. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला त्याआधी एक पान पाठवायचं असेल तर जरूर पाठवा. एकाच बाजूला लिहा, समास रुंद सोडा. उत्तर यायला आठवडाभर लागेल, कारण पानं आम्हीच वाचतो आणि डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.