मुरणे आणि मूल्यमापन

गेल्या वर्षी परदेशात नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी दिघोरीस आला आणि त्याने भीतभीतच पिशवीतून एक बाटली काढली. "गुरुजी, रागावू नका," म्हणाला. ती फ्रान्समधील कोन्याक ब्रँडी होती, 'एक्स. ओ.' दर्जाची. सोबत एक छापील कागद होता. कोणा परीक्षकाने त्यावर वाळलेले अंजीर, संत्र्याची साल, जुने कातडे अशी चवीची वर्णने केली होती आणि शेवटी शंभरापैकी ९४ गुण दिले होते. बाटलीपेक्षा त्या कागदानेच माझे लक्ष अधिक वेधले. उत्तरपत्रिका तपासण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. गुण देणाऱ्याचे मन मला ओळखीचे आहे.

हे शंभराचे माप रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने १९७८ पासून वाइनच्या परीक्षणात रूढ केले, आणि ते त्याने तिकडच्या शाळांवरूनच घेतले. त्यात पहिले ५० गुण केवळ हजर राहिल्याबद्दल मिळतात! म्हणजे मास्तर फ्रान्सच्या तळघरापर्यंतही पोहोचला. पण त्याची जीभ कितपत भरवशाची? २००१ मध्ये बोर्दो येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या वाइनला बेमालूम तांबडा रंग देऊन ती ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. डोळ्याने नाकाला फसवले. कोन्याकमध्ये तर जळक्या साखरेचा रंग घालण्यास कायद्यानेच मुभा आहे. तेव्हा गडद रंगावरून वय ठरवणारा रसिक सहज चकतो.

म्हणून काय हे सारे थोतांड मानायचे? तसे नाही. ब्रँडीमागचे कष्ट खरे आहेत. आंबट पांढरी वाइन तांब्याच्या भांड्यातून दोनदा गाळायची. दुसऱ्या वेळी धारेचा आरंभ आणि शेवट बाजूला काढून मधला गाभाच घ्यायचा. मग ओकच्या पिंपांत ती मुरू द्यायची, 'एक्स. ओ.' म्हणायचे तर २०१८ पासून किमान १० वर्षे. दरवर्षी शेकडा दोनाच्या आसपास भाग हवेत उडून जातो. त्याला तेथील लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. पिंपातून काचेत काढली की मुरणे थांबते. वय बाटलीचे नसते, लाकडाच्या सहवासाचे असते.

हे वाचताना मला आमचा मोह आठवला. चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बायामाणसे टोपल्या घेऊन वेचतात. फुले वाळवून, भिजवून सडवा करतात आणि तो चुलीवर गाळतात. आमच्याकडचा जाणता माणूस दोन थेंब निखाऱ्यावर टाकून ज्योतीवरून जोर सांगतो, वासावरून फुले ओली होती की नीट वाळलेली हे ओळखतो. तोही परीक्षकच, फक्त त्याच्या हाती छापील कागद नाही. त्याच्या कोशात 'पहिल्या धारेची' हीच सर्वोच्च पदवी, आणि कोन्याकवाला नेमकी तीच धार बाजूला सारतो!

असे का व्हावे? फळ हलके म्हणून नव्हे. १८८० च्या दशकात किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उजाडले, तेव्हा मद्य गाळण्यासाठी आपल्याकडची वाळलेली मोहफुले तिकडे जात. फरक पडला तो नंतर. १९०९ मध्ये फ्रेंच सरकारने कोन्याकच्या प्रदेशाच्या सीमा आखून त्या नावाला संरक्षण दिले. इकडे मुंबई सरकारने १८९२ मध्येच ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घातले होते. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. रात्री लपून गाळलेली दारू पहाटेच्या आत संपवावी लागते. धाड पडण्याच्या भयाने कोणी नातवासाठी पिंप भरून ठेवीत नाही. मुरण्यासाठी लाकूड लागते, त्याहून अधिक निर्भयता लागते. आणि जे मुरत नाही, त्याच्या बारकाव्यांसाठी भाषाही वाढत नाही. उरतो फक्त जोर.

मोहाची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. माझ्या वर्गात दारूने घर बुडालेली मुले बसतात. शेजारच्या गडचिरोलीत लोकांनी झगडून १९९३ मध्ये दारूबंदी का मिळवली, हे मला त्यांच्या वह्यांवरून कळते. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद मानतानाही ती मुले डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पण आस्वाद या शब्दाचा मूळ अर्थ चाखणे आहे. भरतानेही रस समजावताना जेवणाचाच दृष्टांत घेतला. आपली समीक्षा मात्र पुष्कळदा पहिल्या धारेवरच भाळते. पुस्तक आले की महिन्यात त्याचा जोर मोजून मोकळी होते, आणि दहा वर्षांनी ते कसे लागते, हे पाहायला कोणी थांबत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीची स्तुती झाली ती अशीच, आणि ती विसरली गेली तीही अशीच.

बाटलीतले चमचाभर मी चाखले. संत्र्याची साल मला सापडली. जुने कातडे नाही. कागदावरच्या ९४ गुणांखाली मी तांबड्या शाईने लिहिले : 'पुन्हा तपासावे. दहा वर्षांनी.'