सोरायसिस किती जणांना? – एका टक्केवारीची चिकित्सा

भारतातल्या प्रौढांमध्ये सोरायसिसचं प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आहे, हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. त्वचारोगावरच्या लेखांतून ते वर्षानुवर्षं फिरतं आहे. माझा आक्षेप आकड्यावर नाही, त्याच्या छेदावर आहे. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. वर रुग्ण, खाली कोण?

हे आकडे बहुतांशी रुग्णालयांतले आहेत. खाली आहेत ते त्वचेच्या ओपीडीत आलेले लोक. घाटकोपर किंवा बोरिवलीतले सगळे प्रौढ नव्हेत. त्वचेची तक्रार घेऊन आलेल्यांत त्वचारोग जास्त दिसणारच. म्हणजे आकडा फुगलेला? थांबा. घट्ट बाह्यांचा शर्ट घालून आयुष्य काढणारा, वैद्याकडे जाणारा, लग्न ठरेपर्यंत गप्प बसणारी मुलगी, हे ओपीडीत येतच नाहीत. म्हणजे आकडा आक्रसलेलाही. चूक दोन्ही दिशांना आहे, आणि एक दुसरीला नेमकी खोडते असं मानायला आधार नाही.

दुसरा प्रश्न काळाचा. हा आजार उफाळतो, शमतो, परत येतो. 'आज चट्टे आहेत का?' आणि 'कधी होते का?' या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात. कोणता प्रश्न विचारला, हे न सांगता दिलेली टक्केवारी अर्धवटच.

कुणी म्हणेल, प्राध्यापक शब्दांचा कीस काढताहेत. तसं नाही. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्राने सोरायसिस कुष्ठरोगापासून स्पष्टपणे वेगळा केला. आपल्या मनात तो अजून पुरता वेगळा झालेला नाही. हा संसर्गजन्य नाही, तरी शेजारचा माणूस लोकलमध्ये सरकून बसतो. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी औषधाची तरतूदही होत नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर खास ठराव केला, तो याच दुर्लक्षाची दखल घेऊन.

उपाय फार लांब नाही. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे तपासतात. दार वाजतंच आहे. कुष्ठरोग नाही असं ठरलेल्या चट्ट्याचं पुढे काय झालं, याचा एक रकाना त्याच कागदावर वाढवा, आणि निदान त्वचारोगतज्ज्ञाकडून करून घ्या. मग खाली वस्ती येईल, नुसती ओपीडीची रांग नव्हे. तोवर ती टक्केवारी उद्धृत करताना एवढं तरी म्हणा : 'रुग्णालयात आलेल्यांपैकी.'