निघण्यापूर्वीचे वाङ्मय

मराठीतील परदेशगमनाचे लेखन वाचताना एक उणीव आम्हांस नेहमी खटकत आली आहे. आपला लेखक बंदरावर निरोपाचे रुमाल हलू लागले की लिहावयास बसतो. अलीकडचा असेल तर विमान धावपट्टीवर वळले की. त्यापूर्वीची दोन, चार, कधी सात वर्षे, ज्यांत माणूस देहाने येथे व मनाने तेथे असतो, ती जणू त्याच्या आयुष्यात आलीच नाहीत. प्रवासाचे वाङ्मय आपल्याकडे उदंड आहे, निवासाचेही थोडेबहुत आहे. प्रतीक्षेचे मात्र जवळजवळ नाही.

चेन्नईत राहून मराठी वाचणाऱ्यांना तरी ही उणीव जाणवावी. जेमिनीच्या उड्डाणपुलाजवळ अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाच्या भिंतीबाहेर सकाळच्या प्रहरी छातीशी कागदांची फाइल धरून उभी असलेली माणसे पाहिली नाहीत असा चेन्नईकर विरळा. आमच्या या पत्रिकेचे येथील एक वर्गणीदार पाच वर्षे सहामाही वर्गणी भरीत होते. वार्षिक भरली तर थोडी सूट मिळते, हे आम्ही त्यांस दोनदा कळविले. त्यांचे उत्तर आले की, कॅनडाच्या कायम वास्तव्याचा निर्णय कोणत्याही दिवशी येईल. पुढचे सहा महिने आपण वेळचेरीत असू की नाही हे सांगवत नाही. त्यांनी या काळात घराला रंग दिला नाही, मुलीला नव्या शाळेत घातले नाही, आणि मोडकी खुर्ची दुरुस्त करावी की टाकून द्यावी, याचा निकालही लावला नाही. कादंबरीला यापेक्षा अधिक काय हवे असते, असा प्रश्न आम्हांस तेव्हा पडला, आणि प्रस्तुत लेखाचे मूळ त्यात आहे.

पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) निघण्यापूर्वीची धांदल आहे, आणि ती मराठी विनोदाची एक मोठी कमाई आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु ती प्रवाशाची धांदल होय. प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते, म्हणून त्याला स्वतःच्या घाबरगुंडीवर हसता येते. कायमचे जावयास निघालेल्या माणसाची तयारी वरवर तशीच दिसली, तरी तिची जात निराळी. तो बॅग भरीत नसतो, घर रिकामे करीत असतो. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ घ्या की त्यानंतरची पन्नास प्रवासवर्णने घ्या. पाहणाऱ्याची दृष्टी त्यांत आहे, सोडून जाणाऱ्याची नाही.

मागे राहिलेल्यांकडे मात्र आपल्या रंगभूमीने पाहिले. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मधील (१९७३) नाना आणि नानी यांची वाट पाहणे मराठी प्रेक्षकाने आपले मानले. अमेरिकेत गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट, फोनची वाट, कोणीतरी दार ठोठावण्याची वाट. नाटक उत्तम आहे; पण त्याने एक अन्यायही रूढ केला, असे आमचे मत आहे. त्या नाटकानंतर आपल्या कथांतून वाट पाहण्याचा हक्क केवळ वृद्ध आईबापांकडे गेला, आणि जाणारा मुलगा हा निष्ठुर, यशस्वी, घाईत असलेला असा एक ठरीव पुरुष होऊन बसला. त्यानेही कधी रात्र रात्र जागून कोणा अनोळखी अधिकाऱ्याच्या एका ओळीची वाट पाहिली असेल, हे कोणी लिहिले नाही. अपर्णा वेलणकरांच्या ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’ (२००७) या पुस्तकाने उत्तर अमेरिकेतील मराठी पिढ्यांची हकीकत मोठ्या आस्थेने गोळा केली. तरी तिचाही भार पोहोचल्यानंतरच्या आयुष्यावरच आहे.

यावर आक्षेप येईल की प्रतीक्षेत काही घडतच नाही, मग लिहावयाचे काय? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे उत्तर परकीय वाङ्मयात शोधण्याचेही कारण नाही. जात्यावर दळणाऱ्या आमच्या बायांनी ते शेकडो वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे. सासुरवाशीण सणाला माहेरी जाऊ इच्छिते. परंतु सासरची संमती मिळाल्यावाचून आणि माहेरून मुऱ्हाळी आल्यावाचून तिला उंबरा ओलांडता येत नाही. मागणी करणारी ती, निर्णय दुसऱ्याचा, आणि नकाराचे कारण सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. आजच्या अर्जदाराची स्थिती याहून वेगळी ती काय आहे? त्या ओव्यांत घटना एकही नसते. वाटेवरची धूळ असते, पाऊलवाटेचे वळण असते, भावाच्या बैलांच्या गळ्यातील घुंगरांचा भास असतो. वाट पाहणाऱ्याला साऱ्या वस्तू खुणेसारख्या दिसू लागतात, हे मर्म त्या बायांना उमगले होते. आपल्या कथाकारांना ते अद्याप उमगलेले दिसत नाही.

मराठीत या विषयाचा एक ठेवा मात्र आहे, आणि तो कथाकादंबरीत नसून पत्रांत आहे. १८७८ साली गोपाळराव जोशांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र धाडले. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्त्याचा किनारा सोडला. मधली सुमारे पाच वर्षे ही एका मुलीची प्रतीक्षा होय. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंना, ज्यांना तिने मावशी मानले, तिने या काळात लिहिलेली पत्रे काशीबाई कानिटकरांनी आपल्या १९१२ सालच्या चरित्रात मराठी वाचकांपुढे ठेविली. ती आजही ताजी वाटतात ती तेजस्वी वाक्यांमुळे नव्हे. नवऱ्याच्या टपालखात्यातील बदल्या, नवे गाव, तिथल्या लोकांच्या टोचणाऱ्या नजरा, आणि या सर्वांतून ज्या घरात आपण कधी पाऊल टाकलेले नाही त्या घराशी जडत जाणारे नाते. असे अर्धे येथे व अर्धे तेथे जगणे त्यांत उमटले आहे. श्री. ज. जोशांच्या ‘आनंदी गोपाळ’ने (१९६८) ही कथा घरोघरी नेली, हे खरेच; परंतु कादंबरीकाराचे चित्त त्या विलक्षण दांपत्याच्या नात्यात गुंतले, आणि प्रतीक्षा ही त्या नात्याची पार्श्वभूमी तेवढी उरली.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. आनंदीबाईंना सरकारी परवानगीसाठी तिष्ठावे लागले नाही. हिंदुस्थानातून बाहेर पडण्यास पासपोर्ट अनिवार्य झाला तो पहिल्या महायुद्धात. त्यांना वाट पाहावी लागली ती पैशाची, सोबतीची आणि जातीच्या संमतीची. सोबत आणि संमती त्यांच्या अपेक्षेप्रमाणे मिळाली नाही, तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या महाविद्यालयात त्या भरसभेत उभ्या राहिल्या. अमेरिकेसच का, एकटी का, वाळीत टाकले तर काय, असे लोकांचे प्रश्न एकेक करून त्यांनी घेतले व त्यांची उत्तरे दिली. खिडकीआडच्या अधिकाऱ्यापुढे आजचा अर्जदार हेच करतो. फरक इतकाच की आनंदीबाई आपले प्रश्न स्वतः निवडू शकल्या.

आजची जातपंचायत कागदी आहे, आणि तिचे नियम कोणत्याही स्मृतिकाराला लाजवतील असे आहेत. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० कायम वास्तव्याचे परवाने ठरविले, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असे बंधन घातले. मग देश लहान असो वा हिंदुस्थानाएवढा. कॅनडाने २०१२ साली २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे कुशल कामगारांचे न निकाललेले अर्ज कायद्यानेच रद्द केले. सुमारे २,८०,००० माणसांची प्रतीक्षा त्यात नाकारही न मिळता संपली. २०१५ पासून तेथे जी गुणांची पद्धत आली तीत २० ते २९ या वयाला सर्वाधिक गुण असून तिशीपासून ते दरवर्षी उतरत जातात आणि ४५ व्या वर्षी शून्यावर येतात. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षांनी शिळा होतो. म्हणजे वाट पाहणाराच वाट पाहता पाहता अपात्र होत जातो, आणि वाढदिवसाच्या केकवर सुरी ठेवताना मनातल्या मनात पाच-सहा गुण वजा करतो. या एका प्रसंगावर आम्ही आजवर मराठी कथा वाचलेली नाही.

लोकांनी मात्र या कालावधीला विधीचे रूप देऊन टाकले आहे. हैदराबादजवळील चिलकूरच्या बालाजीला नवस करताना ११ प्रदक्षिणा आणि काम झाल्यावर १०८, हा हिशोब चेन्नईच्या कोणत्याही तरुण अभियंत्यास पाठ असतो. आमचे समीक्षक यास अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतील. आम्हांस त्या दोन आकड्यांमधील अंतर महत्त्वाचे वाटते. अकरा आणि एकशे आठ यांच्या मध्ये माणूस कोणत्या अवस्थेत असतो, हे त्या मंदिराच्या आवारातील गर्दीला ठाऊक आहे. मग लेखकाला का नसावे?

आम्ही दक्षिणेतील मराठी माणसे याबाबतीत जरा अडचणीतच आहोत, हेही येथे कबूल केले पाहिजे. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ तंजावरात आलेल्यांस कायम वास्तव्याचा दाखला कोणी मागितला नव्हता. तलवार हाच त्यांचा दाखला होता. सव्वाशे वर्षांनी, १८०३ साली, त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांची वंशकथा मराठीत कोरविली. ज्यांचे पूर्वज कधी दाराशी तिष्ठले नाहीत, त्यांच्या स्मृतीत तिष्ठण्याला जागा नसणे स्वाभाविक आहे. परंतु याच प्रांतातून चहाच्या मळ्यांसाठी सिलोनला गेलेल्या तमिळ मजुरांची गोष्ट निराळी होती. पुदुमैप्पित्तन यांनी ‘तुन्बक्केणी’ कथेत त्यांचे दुःख लिहिले. पुढे १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने ५,२५,००० माणसे हिंदुस्थानच्या आणि ३,००,००० सिलोनच्या वाट्याला घातली; उरलेल्या १,५०,००० जणांचा निकाल १९७४ पर्यंत लागला नाही. दहा वर्षे दीड लक्ष माणसे कोणत्याच देशाची नव्हती. ज्या शहराच्या शेजारी असा इतिहास घडला, त्या शहरातील मराठी लेखकाने प्रतीक्षा हा क्षुल्लक विषय मानावा, याचे आम्हांस नवल वाटते.

आमच्या त्या वर्गणीदारांचा निर्णय अखेर आला. त्यांनी कळविले की दरडोई तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात, आणि आमच्या पत्रिकेचे पाच वर्षांचे अंक तेवढ्यात बसत नाहीत. पाचांपैकी कोणते दोन न्यावेत, असे त्यांनी आम्हांसच विचारले आहे. आम्ही अजून उत्तर पाठविलेले नाही.