घोडा दिसतो, गाव दिसत नाही

निखिल महाजन यांचा ‘बाजी’ २०१५ साली आला, तेव्हा त्याची सारी चर्चा ‘मराठीतला पहिला सुपरहीरो’ या बिरुदाभोवती फिरली. मुखवटा चढवलेला श्रेयस तळपदे, घोडा, श्रीरंगपूर नावाचं गाव आणि समोर खलनायक जितेंद्र जोशी. मग बोलणं पैशांवर घसरलं: हॉलिवूडचं बजेट कुठं, आपलं कुठं! हे माप मला पटत नाही. खरी उणीव वेगळी आहे: श्रीरंगपूरला बाजी हवाच कशाला, हेच चित्रपट नीट सांगत नाही. संकट खलनायकाबरोबर गावात शिरतं आणि त्याच्याबरोबरच निघून जातं.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांना, गावाला नायक कशाला लागतो, हे सांगावं लागलं नसतं. त्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) सुपरहीरोच्या पटकथेला लागणारा सगळा ऐवज आहे: मारला गेलेला बाप, गबऱ्या घोडा, लुटलेला सरकारी खजिना. पण फकिरा घराबाहेर पडतो तो मांगवाड्यातल्या चुली विझल्या म्हणून, आणि सरकारनं आपली माणसं कोंडल्यावर स्वतःहून हजर होतो. कॉमिकमधला कुठला नायक असा हरतो? कुमार चंद्रशेखर यांनी १९६३ साली ‘फकिरा’ पडद्यावर आणला. तरी आज फकिरा म्हटलं की लोकांना कादंबरी आठवते, नटाचा चेहरा नाही.

‘फास्टर फेणे’चं (२०१७) मात्र जमलं. भा. रा. भागवतांचा शाळकरी बनेश आदित्य सरपोतदार यांनी मोठा करून वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यात सोडला. फेणे मोठा झाल्यावर उरतो काय, अशी शंका जुन्या वाचकांना येणं साहजिक होतं. अमेय वाघच्या चपळाईनं ती बरीचशी मिटवली. शिवाय या फेणेला भिडायला आजचं, ओळखीचं पाप मिळालं होतं.

मधल्या काळात सुपरहीरोचा साचा मुकाट्यानं शिवकाळात जाऊन बसला. ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’, प्रतापगडाच्या प्रसंगावरचा ‘शेर शिवराज’: संथगतीतल्या उड्या, एकटा शंभरांना भारी, प्रत्येक प्रवेशाला गजर. यात दिग्पाल लांजेकरांची मेहनत आहे, नाकारत नाही. पण इथं समीक्षेची जीभ अडखळते. बाजीची उडी खोटी वाटली तर तसं बिनधास्त लिहिता येतं. मावळ्याची उडी खोटी वाटली असं लिहिलं, तर ते मावळ्याबद्दलच लिहिलं असं समजतात. सातारकर वाचकाला हे वेगळं समजावायला नको. अशानं दिग्दर्शकाचंही नुकसानच होतं, कारण थिएटरातली घोषणा ही पावती नव्हे.

आणि जवळची गोष्ट तशीच पडून आहे. सातारा-सांगली एकच जिल्हा असताना, ७ जून १९४३ रोजी, इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ रेल्वेतला सरकारी पगाराचा पैसा लुटला. पुढच्या वर्षी धुळ्याचा खजिना. थरार आयता आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, कॅप्टन भाऊ ही नावं या भागात आजही घरातल्यासारखी घेतली जातात. पण ही चळवळ भाकरी देणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, लपायला जागा देणाऱ्या गावांच्या जिवावर चालली. निर्माता पोस्टरसाठी एक चेहरा मागेल, आणि पटकथा पहिल्याच बैठकीत तिथं अडेल.