आरोग्य सेतूची सक्ती आणि बोईसर-तारापूरचा कंत्राटी कामगार : एक चिकित्सा

आपत्तीच्या काळात निघालेल्या शासकीय आदेशांची चर्चा बहुधा हेतूपाशीच थांबते. आदेशाची शब्दरचना कोणाच्या खांद्यावर कोणता भार टाकते, हे क्वचितच तपासले जाते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मे २०२० च्या आदेशातील ‘आरोग्य सेतू’विषयक तरतूद या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. २ एप्रिल २०२० रोजी स्वेच्छेने वापरावयाचे साधन म्हणून आलेले हे मोबाईल ॲप महिनाभरातच सरकारी व खासगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना बंधनकारक ठरले आणि त्याचा शंभर टक्के वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आली. मोबाईल कामगाराचा, इंटरनेटचा खर्च कामगाराचा, माहितीही कामगाराची. देखरेख मात्र मालकाची, अशी ही विचित्र व्यवस्था होती.

पालघर जिल्हा तेव्हा रेड झोनमध्ये होता. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात हा आदेश वाचला असता पहिला प्रश्न ‘संस्थाप्रमुख’ या शब्दापाशीच उभा राहतो. कंत्राटी कामगाराचा संस्थाप्रमुख कोण? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मुख्य मालक आणि कंत्राटदार असा भेद केलेला होता. आदेशात त्याचा मागमूस नाही. अशा संदिग्धतेत जबाबदारी खाली खाली सरकत जाते आणि अखेर प्रवेशद्वारावर उभ्या असलेल्या कामगारापाशी येऊन थांबते.

दुसरी अडचण तांत्रिक असली तरी अधिक बोलकी आहे. हे ॲप ब्लूटूथच्या साहाय्याने दोन मोबाईलमधील सान्निध्य नोंदवीत असे. परंतु ज्वलनशील द्रावकांचा वापर होणाऱ्या विभागात साधा मोबाईल नेण्यास सुरक्षेच्या कारणास्तव मनाई असते. तो बाहेर, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे पाळीभर एकमेकांच्या सान्निध्यात राहिले ते मोबाईल. माणसे कोणाजवळ उभी राहून काम करीत होती याची नोंद या यंत्रणेत होणे शक्यच नव्हते. रसायन कारखान्यापुरते तरी हे साधन आपल्या मूळ उद्दिष्टालाच मुकलेले होते, असे म्हणावे लागते.

खरा प्रश्न मजुरीचा आहे. कार्मिक विभागाच्या २९ एप्रिल २०२० च्या परिपत्रकाने केंद्रीय कर्मचाऱ्यांना सूचना दिली होती की, ॲपने मध्यम वा अधिक धोका दाखविल्यास कार्यालयात येऊ नये. १४ दिवस किंवा स्थिती सुरक्षित होईपर्यंत विलगीकरणात राहावे. मासिक वेतन घेणाऱ्यास हे परवडणारे आहे. हाच नियम रोजंदारीवरील कामगाराला लावला, तर लॉकरमधील शेजारच्या मोबाईलमुळे त्याची १४ दिवसांची मजुरी बुडू शकते. ती कोणी द्यावी, याविषयी १ मे चा आदेश मौन बाळगतो.

१७ मे २०२० च्या आदेशाने सक्ती सौम्य केली. ज्यांच्याजवळ सुसंगत मोबाईल आहे अशा कर्मचाऱ्यांपुरते, शक्य तितके प्रयत्न मालकाने करावेत, अशी भाषा आली. या बदलाचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. मात्र त्याच आदेशाने, कारखाने बंद असलेल्या काळातील वेतन कपातीविना देण्याचा २९ मार्चचा निर्देश १८ मेपासून संपुष्टात आला, याची जोडून दखल घेतली गेली नाही. शिवाय मोबाईल असूनही कामगाराने नकार दिल्यास काय, हेही सांगितलेले नाही.

या सक्तीला कायद्याचा आधार नाही, असे न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांनी त्याच महिन्यात जाहीरपणे म्हटले होते. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानुसार खासगीपणावरील बंधनास कायदा लागतो. ११ मे २०२० रोजी आलेली माहिती हाताळणीची नियमावली हा संसदेचा कायदा नव्हता. तथापि या चर्चेचा भर नागरिकाच्या खासगीपणावर राहिला; कारखान्याच्या फाटकावरचा नकार नागरिकाच्या नकारासारखा नसतो, हा मुद्दा तीत दुय्यमच राहिला. पुढे संपर्कशोधाची सोय बंद झाली आणि त्यातील माहिती नष्ट केल्याचे केंद्र शासनाने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. त्याच वर्षी संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये, रोजगाराच्या प्रयोजनासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला दिलेली आहे.